तिसरा रकाना

५ नोव्हेंबर, बुधवार

आलो बाई एकदाचे! दोन पिशव्या, एक उशी, ताईची ती कधीच न फाटणारी हिरवी बॅग आणि शेवटी मी, असं सगळं सामान दुसऱ्या मजल्यावर चढलं. नवऱ्याने फाटकातूनच निरोप घेतला, कारण पुरुषांना आत फक्त रविवारी सोडतात. त्याचा चेहरा इतका उतरला होता की उलट मीच त्याची समजूत काढली. महिन्याभराचा तर प्रश्न आहे म्हटलं, तोवर भांडी घासायला शीक.

कतरण आमच्याआधीच पोचली होती. रुग्णालयाच्या गाडीतून, काचेच्या पेटीत, सोबत एक डॉक्टर आणि दोन सिस्टर. आमच्या घरात इतक्या थाटाचा प्रवास आजवर कुणाचा झालेला नाही. कतरण म्हणजे माझी लेक, दहा आठवडे आधीच घाई करून आलेली. जन्मली तेव्हा अकराशे ग्रॅम होती, तीन आठवड्यांनी आज बाराशे चाळीस. मी शिवणकाम करते. कपडा बेतून उरतो त्या तुकड्याला आम्ही कतरण म्हणतो आणि तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. सासूबाई रागावल्या. पण चांगली कतरण मी कधी फेकून देत नाही, हे त्यांना कुठे माहीत आहे!

खोली छान आहे. दोन खाटा, एक आरामखुर्ची, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि खिडकीतून खाली धोबीखाना दिसतो. घाईने आलेल्या बाळांना घरी नेण्याआधी आयांना इथे सगळं शिकवतात. शिकवणाऱ्या बाई उंच, सरळ, काठीसारख्या; जे बोलतात ते मोजून. मी मनात त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलं आणि ताईला सांगितलं, तर ती हसता हसता खाटेवर बसली.

मोजपट्टीबाईंनी मला दोन वस्तू दिल्या. एक ही वही. बाळाबद्दल जे जे लक्षात येईल ते रोज लिहायचं, म्हणजे हरवत नाही, असं त्या म्हणाल्या. दुसरं एक जाड कार्ड. त्यावर दहा कौशल्यं आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: आई, सोबतीण, हस्तांतर. पहिल्या दोन रकान्यांत आम्ही सह्या करायच्या, तिसऱ्यात त्या करणार. हस्तांतर म्हणजे काय असं विचारलं, तर काम एका हातातून दुसऱ्या हातात नीट गेलं एवढाच अर्थ, म्हणाल्या. म्हणजे सिस्टरांच्या हातून आमच्या हातात, असणार.

सोबतीण आणायचीच, हा इथला नियम. आईचे गुडघे गेलेत, सासूबाईंना सुई पाहून भोवळ येते. मग मी ताईलाच गळ घातली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवते. लहानपणी मला न्हाऊमाखू घालून शाळेत तीच पाठवायची. दोन महिने बिनपगारी रजा टाकून आलीय बिचारी. अशी बहीण असायला भाग्य लागतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज तिला पहिल्यांदा छातीशी धरलं. नुसत्या लंगोटावर, पालथी, मान एका अंगाला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून रुंद पट्टा. हनुवटी किंचित वर ठेवायची, नाहीतर श्वास दबतो. तिच्या पाठीवर मी तळहात ठेवला, तर पाठ संपूनही माझी दोन बोटं उरली. भिंतीवरच्या यंत्रात ठोके एकशे सत्तर होते, ते हळूहळू एकशे बेचाळीसवर आले. मी दोन तास हलले नाही. नाकाला खाज सुटली तरी नाही. इतकी सुखी मी कधीच नव्हते, हे इथे लिहून ठेवते.

मग ताईची पाळी. इथली पद्धत अशी की मोजपट्टीबाई आईला शिकवतात आणि सोबतिणीला मात्र आईनेच शिकवायचं. बाई नुसत्या बघत उभ्या राहतात. आईच्या हातून आलेलंच हातात बसतं, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर ताईने माझ्याकडून पाढे पाठ करून घेतले, आज मी तिच्या मनगटाला धरून सांगत होते, असं नाही गं, इथे धर. तीही शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. मोजपट्टीबाईंनी पहिल्या ओळीत तिसरी सही केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कतरण तेराशे नव्वद! आता नळीने दूध द्यायला शिकले. नळी पोटातच आहे ना ते आधी तपासायचं, मग नळकांडं तिच्या डोक्याच्या जरा वर धरायचं आणि दूध आपलं आपण उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. दूध उतरताना ती ओठ हलवते, जणू काही स्वतःच पितेय. नाटकी कुठली.

वासाचे कपडे सुरू झाले. हातभर सुती चौकोन दिवसभर माझ्या गाऊनच्या आत ठेवायचा आणि संध्याकाळी तिच्या गालाखाली, म्हणजे मी नसले तरी वास माझा. माझ्या चौकोनाला मी लाल दोऱ्याने कोपऱ्यात टाका घातला. कालपासून ताईलाही एक चौकोन दिलाय. मला क्षणभर आवडलं नाही. मग स्वतःचीच लाज वाटली.

खिडकीतून धोबीखान्यातल्या बायका दिसतात. दहा-बारा जणी असतील. आमच्यासारखेच गाऊन घालतात. मळका चौकोन पाण्यात टाकण्याआधी त्या नाकाशी नेतात, जरा थांबतात आणि मग टाकतात. प्रत्येक चौकोन, प्रत्येक जण. डाग बघत असतील म्हटलं, पण डाग कुणी नाकाने बघतं का?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक वेडेपणा झाला. तिला पेटीतून उचलायला हात घातला आणि हात तिथेच थांबला. मानेखाली कुठला हात जातो, डावा की उजवा? आठवडाभर दिवसातून चार वेळा केलेलं काम. मी उजवा घातला, तिचं डोकं मागे लटकलं आणि यंत्र कोकलायला लागलं. ताईने चटकन घेतली. ठोके लगेच जागेवर.

मोजपट्टीबाई म्हणाल्या, झोप कमी झालीय. असेल. शिवणयंत्रात दोरा ओवायलासुद्धा मी कधीकधी विसरते, असं ताईला म्हटलं. ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल नवरा आला होता. एक तास होता, त्यातली चाळीस मिनिटं तो आणि ताई व्हरांड्यात. माझ्याशी बोलताना तो माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत होता. जाताना त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. मला वाटलं, चला, माणसाला बायकोची किंमत कळली.

दूध आटलंय. दर तीन तासांनी पंप लावते, वाटीत थेंब नाही. दूध काढण्याच्या ओळीत तिसरी सही शुक्रवारी झाली, तोवर वाटी भरत होती. हे मी उगाच जोडतेय, मला कळतंय. पण आता लिहिते ते उगाच नाही. ताई दुपारी झोपली होती आणि तिच्या गाऊनची छाती ओली होती. दोन्हीकडे. एकेचाळीस वर्षांची माझी बहीण, जिने कधी मूल जन्माला घातलेलं नाही. मी उठवून विचारलं, तर पाणी सांडलं म्हणाली.

पाण्याला गोडसर वास येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

समोरच्या कोपऱ्यातल्या खोलीतली, जिला आम्ही कोपऱ्यातली म्हणायचो, तिचं बाळ आज घरी गेलं. तिच्या कार्डावरच्या तिसाही सह्या पूर्ण झाल्या होत्या. मी खिडकीतून हात हलवायला उभी राहिले. गाडीत तिचा नवरा बसला, मग बाळाला घेऊन तिची नणंद, जी तिची सोबतीण होती. दार लागलं, गाडी गेली. ती कुठेय? मोजपट्टीबाईंना विचारलं, तर पुढे गेली म्हणाल्या. पुढे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

कतरण पंधराशे तीस. यंत्र मी जवळ गेले की कोकलतं. मी दूर झाले की थांबतं. काल आठव्या ओळीतही तिसरी सही झाली. आता माझ्याकडे दोनच उरल्यात.

२० नोव्हेंबर

कोपऱ्यातली धोबीखान्यात आहे.

मी खाली गेले. भर सकाळी, सगळ्यांदेखत, कुणी अडवलं नाही. ती चौकोनांचा ढीग उपसत होती, एकेक नाकाशी नेत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, हाक मारली, दोन आठवडे आम्ही शेजारी बसून पंप लावलेत. आपण भिंतीकडे बघतो तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझ्या गाऊनच्या गळ्यात नाक घातलं. हुंगलं. नाही, अशी मान हलवली आणि ढिगाकडे वळली. बाकीच्या जणीही तेच करत होत्या. एकीने ओल्या चादरीचं गाठोडं छातीशी धरलं होतं, पण हात चुकीचे होते, डोकं जिथे असायला हवं तिथे हवा होती.

वर येऊन ही वही उघडली. आजवर कशी दिसली नाहीत! पेन्सिलीच्या बारीक खुणा, ओळीओळीला. हनुवटी किंचित वर ठेवायची, तिथे बरोबरची खूण. नळकांडं डोक्याच्या वर, बरोबर. ओठ हलवते, बरोबर. गणिताच्या वहीत असतात तशा. माझ्या ताईच्या हातच्या.

म्हणजे मी लिहायचं आणि तिने पाठ करायचं. चोराच्या हाती किल्ल्या मीच दिल्या, वर कुठली किल्ली कुठल्या कुलपाची तेही लिहून दिलं.

दहावं कौशल्य म्हणजे रडणं ओळखणं आणि शांत करणं. पेटीतून बाहेर आल्यापासून ती रडते आणि गेल्या चार दिवसांत मला तिचं रडणं उमगलंय. एक अशी गोष्ट आहे जी केली की ती गप्प होते. ती मी कुठे लिहिलेली नाही. लिहिणारही नाही.

२१ नोव्हेंबर

ताई जेवायला गेल्यावर हिरवी बॅग उघडली. वर शाळेचं पत्र. राजीनामा मंजूर, तारीख तीन नोव्हेंबर. रजा नाही. राजीनामा. आम्ही आलो पाच तारखेला.

त्याखाली संस्थेचा कागद. वाचला. परत वाचला. आईकडे असलेली ऊब, दूध, वास आणि ज्ञान बाळासाठी पूर्णपणे काढून घेतलं जाईल. ते सोबतिणीच्या हाती दिलं जाईल. रिकामी झालेली आई संस्थेकडे राहील. खाली तीन सह्या. नवऱ्याची. ताईची. आणि ती थरथरती तिसरी, ती माझ्या आईची.

माझ्या सहीला जागाच ठेवलेली नाही.

ताई परत आली तेव्हा कागद माझ्या हातातच होता. ती नाकबूल झाली नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं म्हणे, हे बाळ स्वतःच्या बळावर जगणार नाही, दुसऱ्या कुणाचं तरी पुरतं बळ लागेल. आणि ते फक्त आईचंच लागू पडतं. मी आत तिच्या पेटीला हात लावून बसले होते तेव्हा व्हरांड्यात हे ठरलं. नवरा रडला म्हणे. आई रडली म्हणे. मला का नाही सांगितलं, असं विचारलं. तर म्हणाली, तू घाबरली असतीस, घाबरल्यावर दूध आटतं, आणि आधी दूध पाहिजे होतं.

आधी दूध पाहिजे होतं! जनावराबद्दलसुद्धा माणूस असं बोलताना खाली बघतो. केसाने गळा कापतात म्हणतात ते हेच. आणि कुणाकडे दाद मागू? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी तिला ताई म्हणते. अजूनही. हात लिहितोय आणि तेच लिहितोय.

२२ नोव्हेंबर

पळाले.

दुपारी, सगळ्या जेवायला गेल्यावर. तिच्या तारा काढल्या, तिला चादरीत गुंडाळलं. कशीतरी. जिन्यापर्यंत आले, मधल्या टप्प्यावर ती निळसर पडली. श्वास नाही. आठव्या ओळीत हेच होतं, श्वास थांबला तर काय करायचं. मी केलेलं आहे. मी ताईला शिकवलेलं आहे. पायाला काहीतरी. की पाठीला. काहीतरी बोटांनी — काहीच नाही. डोक्यात नुसता पांढरा कपडा.

मी ओरडले. ताई, ताई म्हणून ओरडले. दुसऱ्या कुणाला हाक मारणार?

ती धावत आली, तळव्यावर दोन टिचक्या, पाठ चोळली, आणि कतरणीने श्वास घेतला. ताई तिला घेऊन वर गेली. मी मागोमाग गेले. मी तिच्याशिवाय जाणार कुठे, आणि ती माझ्याबरोबर जगणार कशी?

२४ नोव्हेंबर

काल नवरा आला असणार. रविवार होता. मला भेटला नाही. खिडकीतून त्याची पाठ दिसली.

नऊ ओळी भरल्या. उरलेली दहावी.

शिवायचं कसं ते आठवत नाही. सुईचं भोक कुठल्या टोकाला —

पण ती रडते तेव्हा मला कळतं. भूक नाही, ओलं नाही, दुखणं नाही. ते चौथं रडणं, ते फक्त मला कळतं. ताई झुलवते, गाते, पाठीवर थोपटते. उपयोग नाही. आज मला आनंद झाला. लेक रडत होती आणि मला आनंद झाला. असलं मन घेऊन मी आई म्हणवते.

२५ नोव्हेंबर

सकाळपासून रडतेय.

चाळीस ग्रॅम उतरले. एवढंसं बाळ रडण्यात सगळं जाळून टाकतं, हे इथेच शिकवलंय. पेटीत परत ठेवावं लागेल म्हणाल्या. मग नळी. मग पहिल्यापासून. मग पुरेल का, कुणाला माहीत. द्यायला आता माझ्याकडे काही —

मी गेले. मी करून बघितलं, ती गोष्ट, माझी. मी तिला हात लावला आणि यंत्र कोकललं. ती आणखी रडली. मला येतं, पण माझे हात तिला चालत नाहीत.

ताई दारात उभी. तिचे डोळे सुजलेत. विचारत नाही. विचारायची हिंमत नाही तिला.

मोजपट्टीबाई आल्या. ही वही मांडीवर ठेवली, पेन दिलं, गेल्या.

नाही लिहिणार.

२६

ऐकू येतं. भिंतीपलीकडून. आवाज बसत चाललाय तिचा.

ताई, तू हे वाचणार. पेन्सिल घेऊन बस.

आधी एक ऐक. तुम्ही तिघं व्हरांड्यात उभे होतात आणि मी आत होते. दार उघडंच होतं. मला हाक मारायची होती. नुसतं विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं गं. वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं असतं. माझ्या लेकीसाठी मी स्वतःहून जे दिलं असतं ते तुम्ही चोरलंत. ते मी माफ करणार नाही. जेवढी उरलेय तेवढी, करणार नाही.

आणि हे तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठी लिहितेय.

ती असं रडायला लागली की लगेच उचलायचं नाही. गाणं नको. थोपटायचं नाही. तिच्याशेजारी खाली बसायचं, अगदी जवळ, आणि तुझा डावा हात तिच्या —